मोठ्या गॅपनंतर परत कयाकवर: गोव्यात सुरुवात कशी करायची (आणि मी कशी चुकले)

आमची कयाक साडेतीन वर्षं डिचोलीच्या घरामागच्या गोठ्यात पालथी पडून होती. गोठा नावालाच, गुरं कधीच गेली, आता तिथे नारळ, एक जुनी सायकल आणि ती बोट. डबल सीटची, केशरी, मी आणि धाकट्या भावाने मिळून घेतलेली. तो २०२१ च्या मे महिन्यात गेला, कोविडच्या दुसऱ्या लाटेत. पाण्यात नाही, हॉस्पिटलात. हे मुद्दाम सांगते कारण आईच्या डोक्यात ते दोन्ही एक झालंय. शेवटी त्याला श्वास लागायचा तो बुडणाऱ्या माणसासारखा, तेव्हापासून ती म्हणते पाण्यानंच नेला त्याला.

मग बाकीचंही बदलत गेलं, नोकरी सुटली, उजवा खांदा धरला, आईचं सगळं माझ्याकडे आलं. परत पाण्यावर जायला २०२४ उजाडलं आणि त्या पहिल्याच फेरीत मी इतक्या चुका केल्या की त्या ओळीने लिहिल्या तरी गाईड होईल, तेच करतेय. कुणी गेलं म्हणून, आजारपण म्हणून, लग्न मोडलं म्हणून, पोरं लहान होती म्हणून, कशामुळेही तुमचं पॅडल कोपऱ्यात पडलं असेल तर तुमच्यासाठी आहे हे. एकदम नवीन असाल तरी वाचा, पाण्याला तुमचा जुना अनुभव माहीत नसतो.

१. पहिला दिवस खास निवडू नका

आमची पद्धत होती, भाऊबीजेला ओवाळून झालं, जेवण झालं की दुपारी बोट काढायची आणि अंधार पडायच्या आत परत. २०२४ ची भाऊबीज ३ नोव्हेंबरला आली, रविवार होता, मला वाटलं सुरुवात करायला याहून चांगला दिवस कुठला.

याहून वाईट दिवस नव्हता. एक म्हणजे अशा दिवशी अर्धं लक्ष भलतीकडे असतं. दुसरं म्हणजे भाऊबीज ही कार्तिक शुद्ध द्वितीया, अमावस्या नुकतीच होऊन गेलेली, म्हणजे उधाणाचे दिवस. पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं. पूर्वी हे सगळं तो बघायचा, मी फक्त बसायचे, आणि बसणाऱ्याला वाटतं आपल्याला सगळं येतं.

त्या दिवशी मी कोलवाळच्या खालच्या अंगाला शापोरा नदीत बोट घातली, दुपारी अडीचला. भरती एकच्या आसपास होऊन गेली होती पण पाणी अजून भरलेलं दिसत होतं, त्यालाच फसले. खारफुटीतल्या एका फाट्यात आत आत गेले आणि पाच वाजता बोट चिखलावर बसली. सहानंतर सूर्य गेला. नऊ वाजता पाणी परत आलं तेव्हा सुटले. मधले चार तास डास, अंधार आणि अकरा टक्के बॅटरी.

वाढदिवस, वर्षश्राद्ध, लग्नाची तारीख, असलं काही पहिल्या फेरीला नको. साधा मंगळवार बघा. आठवणीच्या दिवशी जायचंच असेल तर ती दहावी फेरी असू दे.

२. घरी खरं सांगा आणि इमर्जन्सी कॉन्टॅक्ट बदला

मी आईला मैत्रिणीकडे जाते असं सांगून निघाले होते. ती "उदकांत वचूं नाका गो" (पाण्यात जाऊ नको गं) म्हणणार हे माहीत होतं, मग कशाला विषय काढा. परिणाम असा की मी चिखलात बसले होते तेव्हा जगात एकाही माणसाला मी कुठे आहे ते ठाऊक नव्हतं.

घरचे घाबरतात त्यांना पटवायच्या भानगडीत पडू नका, माहिती द्या. कागदावर लिहून: कुठून निघणार, कुठपर्यंत जाणार, किती वाजता बाहेर, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला फोन करायचा. आमच्याकडे हा कागद फ्रिजवर लागतो. आईचा विरोध संपलेला नाही पण तिला घड्याळाकडे बघून काळजी करता येते, आधी ती नुसतीच करायची.

आता फोन. भाड्याच्या बोटीसाठी एक फॉर्म भरून घेतात, स्वतःच्या जबाबदारीवर चाललोय वगैरे, त्यात एक रकाना असतो इमर्जन्सी कॉन्टॅक्टचा. मी पुढच्या वेळी तो भरताना हाताच्या सवयीने भावाचा नंबर लिहिला. पूर्ण दहा आकडे. काउंटरवरच्या मुलाने "नातं?" विचारलं तेव्हा लक्षात आलं. तिथे, लोकांसमोर, ओल्या चपलांवर उभं राहून हे लक्षात येण्यापेक्षा आदल्या रात्री घरी बसून बदला. फोनमधला इमर्जन्सी कॉन्टॅक्ट, घड्याळातला असेल तर तो, लाइफ जॅकेटच्या आत मार्करने लिहिलेला असेल तर तोही. जुना नंबर डिलीट करायची गरज नाही, मी केलेला नाही, फक्त त्या जागेवरून काढा. आणि नवीन माणसाला विचारून नाव घाला. माझा आता चुलतभाऊ आहे.

सोबत हे नंबर सेव्ह करा: ११२, ॲम्ब्युलन्सला १०८, आणि समुद्रात असाल तर कोस्ट गार्डचा १५५४.

३. खांदा, पाठ, बीपी

यावर फार लिहीत नाही, डॉक्टरला दाखवा. माझा फ्रोझन शोल्डर होता, फिजिओने हिरवा कंदील दिल्यावरच बसले. एकच सांगते, पॅडल हाताने नाही कमरेतून मारायचं असतं, धड वळलं पाहिजे, आणि हात डोक्याच्या वर किंवा मागे जाता कामा नये. बोट कलंडताना माणूस घाबरून पॅडल उंच धरून टेकू घ्यायला जातो आणि खांदा निखळतो तो तेव्हाच. औषधं चालू असतील, झोपेच्या गोळ्या धरून, तर डॉक्टरला "पाण्यावर जाणार आहे" हे शब्द वापरून विचारा. दुःखाच्या वर्षात बऱ्याच जणांना काहीतरी चालू असतं आणि कुणी बोलत नाही.

४. पडून राहिलेलं सामान

बोटीला काही होत नाही असं वाटतं, प्लास्टिक तर आहे. होतं. उन्हात पडलेली असेल तर प्लास्टिक ठिसूळ होतं, एकाच ठिकाणी टेकून ठेवली असेल तर तळाला खोक पडते. सोपी टेस्ट: बोट दोन स्टुलांवर ठेवा, ड्रेन प्लगच्या (आतलं पाणी काढायच्या बुचाच्या) भोकातून आत दोन बादल्या पाणी ओता, इकडून तिकडे कलवा आणि खालून कुठे थेंब येतो का बघा. आमच्या बोटीत आधी पालींची अंडी निघाली, मग थेंब, सीट जिथे स्क्रूने लावलीय तिथून.

लाइफ जॅकेट हे सगळ्यात फसवं. वरून नवं दिसतं पण आतला फोम दबून, कुजून मेलेला असतो. कमरेएवढ्या पाण्यात घालून पाय उचला, हनुवटी आरामात पाण्याच्या वर राहिली पाहिजे आणि जॅकेट कानापर्यंत सरकता कामा नये. बकल लावून कुणालातरी खांद्याचे पट्टे धरून वर ओढायला सांगा. शंका आली तर नवीन घ्या. भावाचं जॅकेट मला मोठं होतं, तरी मी त्या भाऊबीजेला तेच घातलं होतं. का ते विचारू नका. चुकीच्या मापाचं जॅकेट पाण्यात नुसतं वर सरकतं. आता ते खुंटीला आहे.

दोन तुकड्यांचं पॅडल असेल तर जोड खाऱ्या पाण्याने जाम झालेला असतो, गोड्या पाण्यात रात्रभर भिजवा.

बाकी नेण्याच्या वस्तू:
- शिट्टी, जॅकेटलाच बांधलेली
- ड्राय बॅग, तिच्यात फुल चार्ज फोन आणि ओळखपत्र (भाड्याने घेताना लागतं)
- टॉर्च, सकाळी जात असलात तरी
- दोन लिटर पाणी माणशी, आमच्या हवेत थंडी वाजून नाही, ऊन लागून माणूस पडतो
- पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपीला दोरी
- बंद बूट. चपला नाहीत. खडकांवर आणि खारफुटीच्या मुळांवर कालवं असतात, ब्लेडसारखी कापतात
- डासांचं मलम (आता कळलं असेल का)

५. डबल कयाक एकट्याने काढू नका

ज्यांचा पार्टनर गेलाय, कुठल्याही अर्थाने गेलाय, त्यांच्यासाठी हा मुद्दा, आणि हा मला कुणीच सांगितला नव्हता. घरात बोट असते ती दोघांची. मनात येतं, आहे ना, मग हीच काढू.

डबल बोटीत जास्त ताकदीचा माणूस मागे बसतो, वळवणं त्याच्याकडे. पुढचा ताल धरतो. मी कायम पुढची. त्या दिवशी एकटी असताना मी माझ्याच सीटवर बसले, पुढे, मागच्या सीटवर बसवेनाच. आता काय होतं, पुढे वजन पडलं की बोटीचं नाक पाण्यात रुततं आणि शेपूट वर उचललं जातं. वारा उचललेल्या शेपटीला ढकलतो आणि बोट वारा येतो त्या बाजूला नाक करून उभी राहते, तुम्ही कितीही वल्हवा. मला उजवीकडे फाट्यातून बाहेर यायचं होतं, बोट पुन्हा पुन्हा पश्चिमेला वळायची. यातच पाऊण तास गेला आणि तेवढ्यात पाणी गेलं.

मागे बसलात तर उलटं. नाक वर उचललं जातं, वारा नाकाला धरून बोट स्वतःबरोबर घेऊन जातो. काही डबल बोटींना मधेही बसायची खाच असते, तिथे बसलं तर वजन बरोबर पडतं, पण तिथेही बोट रुंद आणि जड ती जडच. आमची तीसेक किलोची, रिकाम्या रस्त्यावर एकटीने गाडीवर चढवून दाखवा.

तेव्हा पहिल्या काही फेऱ्या भाड्याच्या सिंगल बोटीवर करा. सिट ऑन टॉप प्रकारची, जिच्यावर वर बसतात, कारण उलटली तरी तुम्ही अडकत नाही आणि परत चढता येतं. पाळोळ्याला मिळतात, नेरुळ आणि साळ नदीच्या बॅकवॉटरला टूरवाले घेऊन जातात. विकत घ्यायची घाई नको, आणि डबल विकून टाकायचीही नको.

आमच्या डबलवर आता पुढे चुलतभावाची मुलगी बसते, सतरा वर्षांची, अखंड बोलते. मी मागे. मागून बोट वळवायला शिकायला मला दोन महिने लागले. पुढे बसून कळलं नव्हतं तो किती काम करायचा ते.

६. भरती, सुकती (म्हणजे ओहोटी), वारा

कोकणात जुनी रीत आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, तीनच्या सुमाराला भरती. ही मुंबईकडची रीत, गोव्यात त्याच्या जरा आधी येते, म्हणून अंदाजासाठी ही आणि खऱ्या वेळेसाठी मुरगाव बंदराचं टाईड टेबल, नेटवर मिळतं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. आमच्या आईला पंचांग न बघता तिथी पाठ असते, एवढे उपास करते, तिला ही रीत सांगितल्यापासून तीच आधी हिशोब करते आणि मग नको म्हणते.

नवख्याने, आणि परत आलेला माणूस नवखाच, अष्टमीच्या आसपासचे दिवस धरावेत. भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं, कमी उतरतं, ओढ कमी. अमावस्या-पौर्णिमा आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस टाळा.

दुसरी गोष्ट, पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. भरती झाल्यावर पहिला तास वाटतं काहीच होत नाहीये, तिसऱ्या-चौथ्या तासाला मात्र सगळ्यात जोरात खाली जातं. मी नेमकी त्याच तासांत आत होते. खाडीच्या फाट्यात शिरायचं तर पाणी चढत असताना शिरा, आणि भरती भरायच्या आधी वळा. चढत्या पाण्यात रुतलात तर दहा मिनिटांत सुटता, उतरत्यात रुतलात तर माझ्यासारखे बसता.

वारा शाळेतल्या भूगोलाचाच. सकाळी मतलई वारा, जमिनीकडून समुद्राकडे, हलका. दुपारनंतर खारा वारा, समुद्राकडून, आणि फेब्रुवारी ते मे तो चांगलाच उठतो. म्हणून सातला पाण्यात आणि दहाला बाहेर. फक्त बीचवर सावध, सकाळचा शांत वारा तुम्हाला हळूच आत समुद्राकडे नेत असतो आणि किनाऱ्याजवळ पाणी सपाट असल्याने कळत नाही. जाताना सोपं वाटलं तर मान वळवून मागे बघा. नदीच्या मुखाशी सुकतीचं पाणी बाहेर आणि खारा वारा आत, दोन्ही समोरासमोर आले की उभ्या लाटा उठतात, तिथे दुपारी काम नाही.

आणि पावसाळ्यात नाही म्हणजे नाही. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात ते उगाच नाही. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला म्हणजे आपल्यासाठी समुद्र मोकळा झाला असंही नाही, मुखाशी वाळूचे पट्टे सरकलेले असतात. ऑक्टोबर बघा.

७. कुठे, आणि कुठे नाही

पहिल्या तीन फेऱ्या: बॅकवॉटर, अरुंद पण फार आत नाही, दोन्ही काठ पोहण्याच्या अंतरात, आणि काठावर उतरता येईल अशी निदान एक पक्की जागा. पाऊण तास पुरे. पाळोळ्याचा उपसागर शांत असतो तो सकाळीच.

मांडवीच्या मधल्या पात्रात, पणजी-रायबंदरकडे, जाऊ नका. बार्ज, फेरीबोट, कॅसिनोच्या बोटी, त्यांच्या लाटा आणि तुम्ही पाण्यापासून वीतभर वर, दिसतसुद्धा नाही. चोडणचं सलीम अली अभयारण्य सुंदर आहे पण ते अभयारण्य आहे, वनखात्याला विचारून किंवा माहितगार माणसाबरोबर. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, खऱ्या. बोरीला पौष अमावस्येला चिखलाची मगर करून पुजतात ते लोक पिढ्यानपिढ्या तिच्या शेजारी राहतात, त्यांना अंदाज आहे, आपल्याला नाही. गालजीबागला कासवं अंडी घालायला येतात, त्या भागात काठाला लागू नका. डिसेंबरच्या शेवटी कळंगुट-बागा सोडूनच द्या, जेट स्कीवाले.

सगळ्यात कमी माहीत असलेला धोका म्हणजे मानस. खाजन शेताच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेताच्या, बांधाला लाकडी दारं असतात, शेतातलं पाणी नदीत सोडायला. सुकतीला ती उघडतात आणि तिथून पाणी इतक्या जोरात सुटतं की बोट आडवी होते. शिवाय तोंडाशी जाळं लावलेलं असतं. बांधात लाकडी चौकट दिसली की लांबून जा.

मला मात्र मानशीनेच वाचवलं. साडेसहाच्या सुमाराला एक काका टॉर्च घेऊन बांधावर आले, मानस बघायला. मी तोपर्यंत एक पाय चिखलात घालून बघितला होता, मांडीपर्यंत गेला होता, बूट आतच राहिला. ते वरून ओरडले, "भायर देंवूं नाकात, बसून रावात." (बाहेर उतरू नका, बसून राहा.) मग ते बांधावर बसले, विडी ओढत, पाणी येईपर्यंत. एकदाही विचारलं नाही एकट्या कशाला आलात म्हणून.

तर: चिखलावर बसलात की बोट सोडायची नाही. आडवे बसा, फोन वाचवा, एक फोन करून जागा सांगा, पाणी प्या आणि थांबा. ते येतंच.

८. उलटून बघा

पहिल्याच दिवशी, छातीएवढ्या पाण्यात, सोबत माणूस उभा असताना, मुद्दाम बोट उलटवा. परत चढायची रीत: आधी बोट सरळ करा, बाजूने पलीकडची कड पकडा, पाय जोरात मारून शरीर पाण्यावर आडवं आणा आणि पोटावर बोटीवर या, मग वळून बूड सीटवर, मग पाय आत. पोट, बूड, पाय. तीनदा जमल्याशिवाय खोल पाण्यात जाऊ नका. मला पूर्वी एका झटक्यात जमायचं, आता चौथ्या वेळी जमलं आणि नंतर काठावर दहा मिनिटं नुसती बसले. पॅडल बोटीला दोरीने बांधलेलं असू द्या, स्वतःला नाही. नीट शिकायचं असेल तर राष्ट्रीय जलक्रीडा संस्था गोव्यातच आहे, कोर्सची चौकशी करा.

९. मधेच रडू आलं तर

येतं. पाण्यावर आवाज नसतो, हात तालात चालतात, डोकं रिकामं होतं आणि मग ते वर येतं. मला खंड्याने सूर मारला तेव्हा आलं, काही संबंध नाही.

पॅडल मांडीवर आडवं ठेवा. नाक काठाकडे करा, प्रवाह कुठे नेतोय ते बघा, मग रडा. डोळ्यात पाणी असताना वल्हवत राहिलं तर जाळ्याच्या काठ्या दिसत नाहीत. सोबतच्या माणसाला आधी सांगून ठेवा की मी हात वर केला तर थांब, जवळ ये, पण बोलू नकोस. आमची सतरा वर्षांची सुद्धा तेवढा वेळ गप्प बसते. आणि त्या दिवशी तिथूनच परत फिरा, ठरवलेल्या ठिकाणापर्यंत गेलंच पाहिजे असं काही नसतं.

१०. परत आल्यावर

आधी घरी फोन. मग बोट, पॅडल, जॅकेट, बूट सगळं गोड्या पाण्याने धुवा, जॅकेट सावलीत वाळवा. बोट पालथी, दोन ठिकाणी आधार देऊन, उन्हाबाहेर. दुसऱ्या दिवशी खांदा दुखेल, तिसऱ्या दिवशीही दुखला तर पुढची फेरी पुढे ढकला.

ड्रेन प्लग उघडून आतलं पाणी काढा आणि प्लग लगेच बोटीलाच दोरीने बांधा. माझा हरवला तेव्हा फेणीच्या बाटलीचं बूच लावून एकदा गेले होते. वीस मिनिटं टिकलं.